कोंढऱ्यांचं 'चालेल'

कोंढरे गेल्याची बातमी मीच 'झुंबड'च्या मेलिंग लिस्टवर टाकली. संध्याकाळपासून उत्तरं यायला लागली. जपानमधून, ब्राझीलमधून, पोलंडमधून. बहुतेकांनी एकच शब्द लिहिला होता: चालेल. कुणी तो देवनागरीत कुठून तरी उचलून चिकटवला होता, कुणी रोमन लिपीत लिहिला होता, एकानं तर 'चालेला' असं लिहिलं होतं. माणूस गेल्यावर त्याच्या नावाखाली 'चालेल' लिहायचं म्हणजे पुण्याच्या मानानंसुद्धा जरा जास्तच झालं. पण त्या लोकांना दुसरं मराठी येत नव्हतं, आणि हा एक शब्द त्यांना कोंढऱ्यांनीच शिकवला होता. मी ती उत्तरं वाचत आधी हसलो आणि मग मला रडू आलं.

झुंबड म्हणजे काय ते आधी सांगतो. बँक असो, रेल्वेचं आरक्षण असो की घरपोच दुधाचं ॲप असो, मागे कुठे तरी एक डेटाबेस असतो आणि सगळी माहिती तोच सांभाळतो. एकदम हजारो माणसं आली तर तो ती पेलेल की कोलमडेल हे आधी तपासावं लागतं. त्यासाठी खोटी गर्दी उभी करायची. ही गर्दी करणारा प्रोग्रॅम म्हणजे झुंबड. ती डेटाबेसवर तुटून पडते आणि शेवटी आकडे देते: सेकंदाला किती कामं झाली, एका कामाला किती वेळ लागला, सगळ्यांत जास्त कोण ताटकळलं. बबन कोंढऱ्यांनी हा प्रोग्रॅम आमच्या कंपनीत असताना एकट्यानं लिहिला आणि मालकांच्या मागे लागून जगाला फुकट देऊन टाकला.

मग जगभरचे लोक तो वापरायला लागले आणि मेलिंग लिस्टवरून त्यात दुरुस्त्या सुचवायला लागले. अशा दुरुस्तीला पॅच म्हणतात. अमुक ओळी काढा, त्या जागी तमुक घाला, एवढंच त्याचं स्वरूप असतं. पॅच घ्यायचा की नाही हे कोंढरे ठरवत. घ्यायचा असला तर खाली लिहीत, 'चालेल.' नसला तर, 'नको.' दोन्ही देवनागरीत. परदेशातल्या एका विद्वानांनी एकदा नम्रपणे विचारलं, की कारण इंग्रजीत कळू शकेल का. कोंढऱ्यांनी उत्तर दिलं, की पॅच परत वाचा, कारण त्यातच आहे. त्या विद्वानांनी परत वाचला आणि त्यांना ते सापडलंही. तेव्हापासून कोंढऱ्यांचं 'चालेल' ही मिरवायची गोष्ट झाली. लोक नोकरीच्या अर्जात लिहायचे, की आपले इतके पॅच झुंबडमध्ये आहेत.

मी त्याच कंपनीत माहितीपुस्तिका लिहीत असे. मराठी घेऊन एम. ए. झालेला माणूस डेटाबेसच्या इंग्रजी पुस्तिका लिहितो, याचं पुण्यात कुणाला नवल वाटत नाही. कोंढरे मला 'लेखक' म्हणत. "काय लेखक, आज किती पानं?" त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

ते कात्रजजवळच्या आंबेगावचे. गाव शहरात आलं, शेतावर इमारती आल्या, आणि कोंढरे स्वतःच्याच वडिलांच्या शेतात चौथ्या मजल्यावर राहायला लागले. मी पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा लिफ्टपाशी थांबून म्हणाले, "इथं आमची विहीर होती. तेव्हा बादली वरखाली व्हायची, आता आपण होतो." त्यांच्या भावकीतली माणसं मोठाल्या गाड्यांतून फिरत. कोंढऱ्यांना नोकरीची तशी काही गरज नव्हती. तरी ते रोज कात्रजहून बसनं स्वारगेटला येत आणि तिथून दुसरी बस धरून डेक्कनजवळच्या आमच्या ऑफिसात पोचत. ऑफिसात त्यांची मराठी छापील असे आणि सगळ्यांना, अगदी कालच लागलेल्या पोरांनासुद्धा, ते 'तुम्ही' म्हणत. घरून भावाचा फोन आला की तोच माणूस "हां, हाय की. पानी आलं का न्हाई?" असं मोठ्यानं बोले, आणि फोन ठेवला की परत छापील होई.

पॅच वाचायची त्यांची तऱ्हा सगळ्या ऑफिसला माहीत होती. ते पॅच खालून वर वाचत. शेवटची ओळ आधी, मग तिच्या वरची, मग तिच्याही वरची, असं पुटपुटत, स्क्रीनवर बोट ठेवून. एकदा मी कारण विचारलं.

"लेखक, माणूस वरच्या ओळी लिहितो तेव्हा ताजातवाना असतो. खाली येईपर्यंत दमतो. चूक करायची तर खालीच करतो."

"आणि वर त्यानं काय म्हणायचंय ते समजावून सांगितलेलं असतं, त्याचं काय?"

"ते वाचलं की त्याचं पटायला लागतं. मला पटवून घ्यायचं नसतं."

मोजणीच्या बाबतीत तर ते सोवळंच पाळत. झुंबड चालवायच्या आधी त्या मशीनवरची बाकी सगळी कामं बंद करायची. मशीनच्या मागच्या बाजूला तळहात धरून ते वारा किती गरम येतोय ते बघत. पहिल्या खेपेचे आकडे ते कधीच धरत नसत. "तवा तापायच्या आतली भाकरी आहे ही," म्हणत. एकदा एक मोठं गिऱ्हाईक यायचं होतं आणि नेमकी शेवटची खेप वाईट गेली. विक्रीचे साहेब आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "कोंढरे, ही शेवटची तेवढी वगळा ना. बाकीच्या छान आल्यात."

"वगळतो की," कोंढरे म्हणाले. "ती अशी का आली ते तुम्ही सांगा, लगेच वगळतो."

"मला काय माहीत का आली."

"मलाही नाही माहीत. म्हणून तीच दाखवायची."

साहेब तणतणत गेले. गिऱ्हाइकाला वाईट आकडा दाखवला गेला, आणि ते गिऱ्हाईक आमच्याकडेच राहिलं. पुढे साहेब हाच किस्सा नव्या गिऱ्हाइकांना स्वतःच्या प्रामाणिकपणाचा म्हणून सांगत. कोंढऱ्यांच्या आकड्यात खोट नसते, ही आमच्या धंद्यातली एक खूणगाठ होती. त्यांच्या स्वतःच्या मनातही ती तितकीच घट्ट होती.

त्यांचे नियम दोन. पॅचवर जे बोलायचं ते पॅचखाली, सगळ्यांना दिसेल असं लिहून बोलायचं. शेजारच्या खुर्चीतल्या माणसानंही उठून यायचं नाही. "जपानच्या माणसाला माझ्या टेबलाशी येता येत नाही," ते म्हणत, "मग तुम्हाला का यावं?" आणि लिस्टवरचं काहीही कधी पुसायचं नाही. एका गड्यानं रागाच्या भरात काहीबाही लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी ते काढून टाका म्हणून गयावया केली. कोंढऱ्यांचं उत्तर आलं, की लिहिताना आपला हात कुणी धरला नव्हता. लिस्टच्या प्रती जगभर आपोआप साठत जातील अशी व्यवस्थाही त्यांनीच करून ठेवली होती. मला तेव्हा हे सगळं फार न्यायाचं वाटायचं. जिथे ओळखीवर कामं होतात तिथे एक माणूस ओळख बघत नाही, याचा मला अभिमान होता.

सायली आमच्याकडे आली ती कॉलेजातून थेट. कसबा पेठेतली मुलगी, वडील तांब्याची भांडी घडवणाऱ्यांपैकी. कामात हुशार होती आणि तिला आपली हुशारी लपवताही येत नसे. ती कोंढऱ्यांपासून दोन रांगा सोडून बसायची. झुंबड कॉलेजात वापरलेली, त्यामुळे कोंढऱ्यांकडे ती देव्हाऱ्याकडे बघावं तशी बघायची. काही महिन्यांनी तिनं रीतसर लिस्टवरून एक पॅच पाठवला.

तिचं म्हणणं असं होतं. झुंबडमधला प्रत्येक खोटा माणूस डेटाबेसला एक प्रश्न विचारतो, त्याचं उत्तर येईपर्यंत थांबतो, मग पुढचा विचारतो. आता डेटाबेस मध्येच काही क्षण थिजला तर ही माणसंही शहाण्यासारखी गप्प उभी राहतात. खऱ्या जगात त्या क्षणांत आणखी शेकडो लोक आले असते आणि ताटकळले असते. ते झुंबडमध्ये आलेच नाहीत, म्हणून त्यांचं ताटकळणं कुठेच धरलं जात नाही. म्हणून प्रश्न विचारला तेव्हा घड्याळ सुरू न करता, तो विचारायची वेळ झाली होती तेव्हापासून सुरू करायला हवं. हे सगळं तिनं पॅचच्या डोक्यावर स्वच्छ शब्दांत लिहिलं होतं. पुस्तिकेचं काम असल्यामुळे मी ते वाचलं होतं आणि मला ते समजलंही होतं, म्हणजे ते किती स्वच्छ होतं बघा.

कोंढरे खालून आले. शेवटच्या ओळींत त्यांना दिसलं, की प्रश्न जायच्या आधीच घड्याळ चालू झालंय. नवशिक्यांची ही ठरलेली चूक. पॅच लावून बघितला तर आकडे भलतेच वाईट आले. त्यांची खात्री पटली आणि ते वर गेलेच नाहीत. त्यांनी पॅचखाली लिहिलं, "नको. आधी घड्याळ लावायला शिका."

ही दुसरी ओळ त्यांनी का लिहिली मला माहीत नाही. एरवी ते एका शब्दावर थांबत. ऑफिसातलीच मुलगी म्हणून जरा हक्कानं लिहिलं असेल, किंवा त्या दिवशी आपला आकडा वाईट आलेला बघून ते दुखावले असतील.

सायली त्यांच्या टेबलाशी गेली. मी जवळच होतो.

"सर, दोन मिनिटं बोलू का?"

"पॅचबद्दल?"

"हो."

"तिथं लिहा."

तिनं लिहिलं. दोन दिवस खपून, उदाहरणं देऊन, भलंमोठं उत्तर लिहिलं. कोंढऱ्यांनी ते वाचलं नाही. नको म्हटल्यावर त्याच पॅचखालचं पुढचं काही ते वाचत नसत, तशी त्यांची सवयच होती. लिस्टवरचे बाकीचे लोकही काही बोलले नाहीत. कोंढऱ्यांनी नको म्हटलंय म्हणजे त्यात काय असणार, असं सगळे धरून चालले.

ऑफिसात मात्र बोलणं झालं. कँटीनमध्ये कुणी तरी विचारी, "सायली, किती वाजले गं?" आणि टेबल हसे. सुरुवातीला तीही हसली. मग ती डबा जागेवरच खायला लागली. वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी तिच्या साहेबांनी ती ओळ तिच्यासमोर धरली आणि म्हणाले, की मोजमापाच्या कामाला तुझा पिंड नाही असं दिसतंय. हे तिनंच मला जिन्यात सांगितलं. आवाज साधा ठेवायचा तिचा प्रयत्न चालला होता आणि तो साधत नव्हता. थोड्याच दिवसांत ती सोडून गेली. जाताना कोंढऱ्यांना म्हणाली, "सर, येते." कोंढरे स्क्रीनवरून नजर काढून म्हणाले, "या. शुभेच्छा." त्यांच्या मनात काही नव्हतं. ती का चाललीय हे त्यांना खरंच माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी त्यांच्या पुतण्याचं लग्न झालं, कात्रजच्या पुढे एका मंगल कार्यालयात. हल्ली सगळीकडे बुफे असतो, पण कोंढऱ्यांच्या घरी पंगतच. थोरले म्हणून फेटा बांधून ते भोजनगृहाच्या दारात उभे होते. एक पंगत उठली की पुढची आत सोडायची, तोवर पाहुण्यांना हात जोडून थोपवायचं, हे त्यांचं काम. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. आचारी बाहेर आला, घाम पुसत, खुशीत. म्हणाला, "अण्णा, बघा, पान मांडल्यापासून भात पडेस्तवर कुणाला थांबावं लागलं न्हाई. एकाची तक्रार न्हाई."

दाराशी खुर्चीवर त्यांची आत्या बसली होती, चांगली ऐंशीच्या पुढची. ती म्हणाली, "आत बसल्यावर वाढत्यात रं बिगीबिगी. पर हितं ताटकळून माजं पाय भरून आलं, ते कोन मोजनार?"

"आत्ते, तुला कुनी अडवलं?" कोंढरे हसत म्हणाले.

"तूच की रं."

कोंढऱ्यांचं हसू तसंच राहिलं आणि डोळे भलतीकडे गेले. आतली पंगत उठली होती, लोक पुढे रेटत होते, आणि हे दारात तसेच उभे. मी हात धरून त्यांना बाजूला घेतलं. मला वाटलं, उन्हानं चक्कर आली.

"लेखक," ते म्हणाले, "त्या मुलीनं काय लिहिलं होतं?"

मला क्षणभर कळेना कोणती मुलगी. मग कळलं. "पॅचच्या वरच लिहिलं होतं तिनं. सुरुवातीलाच," मी म्हणालो.

"वर," ते म्हणाले. मग फेटा सारखा करत ते परत दाराशी गेले आणि त्यांनी पुढची पंगत आत सोडली.

सोमवारी मी ऑफिसात पोचलो तेव्हा ते आधीच आलेले होते. सायलीचा पॅच समोर होता आणि ते तो वरून वाचत होते. मग तिचं ते भलंमोठं उत्तर वाचलं. दुपारी त्यांनी पॅचमधली युक्ती घेऊन आपल्याच जुन्या मोजण्या परत करून पाहिल्या. प्रत्येक वेळी ताटकळणाऱ्यांचा आकडा आम्ही सांगत आलो त्याच्या कितीतरी पट निघाला. आयुष्यभर ज्यानं एकही वाईट खेप वगळू दिली नाही, त्याच्या प्रोग्रॅमनं पहिल्या दिवसापासून नेमकी वाट बघणारी माणसं वगळली होती. हे त्यांनीच मला सांगितलं.

विक्रीचे साहेब म्हणाले, गुपचूप दुरुस्त करा, जुनं कशाला उकरून काढता. कोंढऱ्यांनी ऐकलं नाही. त्यांनी लिस्टवर पहिल्यांदाच लांबलचक मजकूर लिहिला. झुंबडनं आजवर दिलेले ताटकळण्याचे सगळे आकडे चुकीचे आहेत. ही चूक माझी आहे. सायलीनं ती दाखवली होती, मी तिचं लिहिणं न वाचता तिला अपमानकारक शब्द लिहिले, त्याबद्दल मी तिची सर्वांसमक्ष क्षमा मागतो. आणि खाली, जुन्या पॅचला: चालेल.

लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. इतका मोठा माणूस आणि इतकी विनम्र कबुली, अशी पत्रांवर पत्रं आली. कुणी त्यावर लेख लिहिला. चूक कोंढऱ्यांची आणि वाहवाही कोंढऱ्यांचीच. सायलीचं नाव त्या पत्रांत क्वचित कुठे तरी, तेही आडनावाशिवाय. कोंढरे ती पत्रं वाचून इतके चिडचिडे झाले, की मी त्यांच्यासमोर तो विषय काढायचं सोडून दिलं.

आणि पॅच लागेना. मधल्या काळात झुंबडचा कोड पुष्कळ बदलला होता, जुन्या ओळी जिथे बसायच्या ती जागाच उरली नव्हती. कोंढऱ्यांनी बसून तो नव्यानं लिहिला असता तर एका दुपारचं काम. पण मग लिहिणारा म्हणून नाव त्यांचं लागलं असतं. ते त्यांना मरण होतं. तिनंच तो नव्यानं पाठवावा, तिचंच नाव लागावं, असं त्यांनी धरलं. मेल पाठवलं, उत्तर आलं नाही. तेव्हा मला म्हणाले, "लेखक, तुम्ही तिच्याशी बोलायचात. चला माझ्याबरोबर."

आम्ही रविवारी सकाळी कसब्यात गेलो. गल्लीत ठोक्यांचा आवाज चालू होता, त्यातून वाट काढत तिच्या घरी पोचलो. आईनं चहा टाकला. सायली समोर बसली, आदरानं, पण पाहुण्यांसमोर बसावं तशी. आता ती दुसऱ्या कंपनीत मोबाइल ॲपचे पडदे बनवत होती. कुठलं बटण कुठे असावं, कुठला रंग असावा, असं काम.

"बरं आहे का काम?" कोंढऱ्यांनी विचारलं.

"बरं आहे सर. कुणी काही मोजायला सांगत नाही."

हे ती टोमणा म्हणून बोलली नाही. कोंढऱ्यांनी कप खाली ठेवला.

"सायली, चुकलो मी."

"वाचलं मी सर ते. बऱ्याच जणांनी पाठवलं मला."

"तुमचा पॅच तुम्ही परत पाठवा. मी कशालाही हात लावणार नाही. नाव तुमचं लागेल, कायमचं."

तिनं त्यांचा कप टेबलाच्या कडेपासून आत सरकवला. मग म्हणाली, "सर, माझ्या नावाखाली ती ओळ आहे ना. माझं नाव शोधलं की आधी तीच येते. आताच्या कंपनीत मुलाखत घेणाऱ्यांनीही ती वाचली होती, हसत हसत विचारलं मला. मी पॅच पाठवला तर आणखी लोक ते पान उघडतील. ती ओळ काढता येईल का तुम्हाला?"

मी कोंढऱ्यांकडे बघू शकलो नाही.

"नाही काढता येत," शेवटी ते म्हणाले. "सगळीकडे प्रती आहेत. मीच तशी व्यवस्था केली."

"माहीत आहे मला. तरी विचारलं." मग ती अगदी सौम्यपणे म्हणाली, "सर, मला तुमचं चालेल हवं होतं. तेव्हा. आता तो कोड मी उघडत नाही. तुम्ही कुणाकडूनही करून घ्या, माझं नाव नका घालू."

आई आत होती, तिला यातलं काही कळलं नसावं. तिनं आग्रहानं लाडू आणून दिले. कोंढऱ्यांनी ताटलीतला लाडू संपवला, कारण टाकून उठणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. बाहेर पडून आम्ही मंडईपर्यंत चालत गेलो. मला त्यांची कीव आली आणि तिच्यासाठी रागही आला, आणि दोन्हींपैकी कशाचाच उपयोग नव्हता.

काही आठवड्यांनी फिनलंडमधल्या एका गृहस्थांनी तसाच पॅच पाठवला. त्यांनी सगळं स्वतंत्रपणे लिहिलं होतं, त्यांचा काहीच दोष नाही. कोंढऱ्यांच्या निवृत्तीला थोडे दिवस उरले होते. त्यांनी तो पॅच वरून वाचला. तो अर्धवट होता. सायलीनं ज्या आडवळणाच्या शक्यता आधीच हिशोबात धरल्या होत्या, त्या या गृहस्थांच्या ध्यानातही आल्या नव्हत्या. पूर्वीचे कोंढरे 'नको' म्हणून मोकळे झाले असते. आताच्या कोंढऱ्यांनी सविस्तर उत्तर लिहिलं. इथे असं झालं तर काय होईल, ते कृपया पाहावं. आपला विचार योग्य दिशेनं आहे. मला समजायला वेळ लागतो आहे, तरी आपण कंटाळू नये. गृहस्थ सुधारून पाठवत, कोंढरे परत तितक्याच मायेनं समजावत. असं करत करत पॅच ओळीमागून ओळ सायलीच्या पॅचजवळ गेला. मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. शेवटी शेवटी फरक करता येत नव्हता.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी त्या पॅचला 'चालेल' लिहिलं. ते त्यांचं शेवटचं. केक कापणं, भाषणं, शाल वगैरे झालं. संध्याकाळी आम्ही बरोबर निघालो आणि स्वारगेटला उतरलो. ते कात्रजच्या बसला थांबले, मला सहकारनगरला जायचं होतं, तरी मीही थांबलो. तेवढ्यात त्यांच्या फोनवर त्या फिनलंडच्या गृहस्थांचं लिस्टवरचं पत्र आलं. त्यांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि फोन माझ्यापुढे धरला. गृहस्थांनी लिहिलं होतं, की इतक्या वर्षांत माझं काम इतक्या आपुलकीनं कुणीही वाचलं नव्हतं, नवीन माणसाशी कसं वागावं हे मी आपल्याकडून शिकलो.

कोंढऱ्यांनी फोन शर्टाच्या खिशात ठेवला. शाल काखेत होती, ती सारखी घसरत होती.

"लेखक," ते म्हणाले, "हे तिच्या नजरेला पडायला नको."

"नाही पडणार," मी म्हणालो. "ती आता त्या वाटेला जात नाही."

बस आली. गर्दी पुष्कळ होती, ते शालीसकट कसेबसे आत शिरले आणि दांड्याला धरून उभे राहिले. काचेतून त्यांनी मला हात केला. त्यानंतर फोनवर बोलणं होत राहिलं, ते आजारी पडले, भेटायला जायचं मी आज-उद्या करत राहिलो, आणि ती भेट राहूनच गेली. त्यामुळे मला दिसतात ते तिथेच, त्या बसमध्ये उभे.

त्या संध्याकाळी बस वळून गेल्यावर मी माझा फोन काढला. सायलीचा निरोप आला होता. तिनं त्याच पत्राचा दुवा पाठवला होता, सोबत एक शब्दही न लिहिता. मी कोंढऱ्यांना ते कधीच सांगितलं नाही.